मशीनला ‘सा’ कळतो का?

“पुढे काय?”

थर्ड इयरच्या विद्यार्थ्याला भेटणारा प्रत्येक जण हा एकच प्रश्न विचारतो. मग तो कॅन्टीनमधला सिनिअर असो, लग्नात भेटलेले काका असोत, नाहीतर रेल्वेत शेजारी बसलेला अनोळखी माणूस! उत्तरंही ठरलेली असतात. कॅम्पस, गेट, एमएस, एमबीए, एमपीएससी. यातलं एक सांगितलं की समोरचा समाधानाने मान हलवतो. मी मात्र सांगते, “संगीत आणि कॉम्प्युटर या विषयात मास्टर्स करायचंय.” मग दोन सेकंद शांतता. आणि मग हमखास, “म्हणजे डीजे होणार का?”

नाही हो! डीजे लोकांविषयी पूर्ण आदर आहे, पण हा विषय वेगळा आहे. तो काय आहे, त्यात आपल्या सिलॅबसमधलं काय लागतं आणि तो कुठे शिकता येतो, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

दोन संगीतं, दोन पद्धती

माझं गाव केम. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मधलं स्टेशन. कुंकवासाठी आमचं गाव ओळखलं जातं आणि आमच्या घरचा व्यवसायही तोच. शाळा मात्र सोलापुरात, कॉन्व्हेंटची, होस्टेलला राहून. त्यामुळे लहानपणापासून दोन निरनिराळी संगीतं कानावर पडत गेली.

शाळेच्या क्वायरमध्ये कीबोर्ड होता. सिस्टर एक की दाबायच्या आणि सगळ्यांनी तो सूर धरायचा. ‘सी’ म्हणजे ‘सी’, आज असो की उद्या, सोलापुरात असो की रोममध्ये! सुट्टीत केमला आलं की उत्तरेश्वराच्या देवळात भजन. तिथे बुवा सुरुवातीलाच पेटीवाल्याला विचारणार, “पट्टी कुठली?” कधी काळी एक, कधी पांढरी चार. गाणाऱ्याचा गळा जिथे बसेल, तिथे त्याचा सा. माझे आजोबा, म्हणजे आबा, पखवाज वाजवतात. पट्टी ठरली की ते हातोडीने शाईचं तोंड सुराला मिळवून घेतात, दुसऱ्या तोंडाला कणीक लावतात आणि मग भजन उभं राहतं.

आता गंमत बघा. जगातलं बरंचसं म्युझिक सॉफ्टवेअर क्वायरच्या पद्धतीवर बेतलेलं आहे. १९८३ साली आलेल्या ‘मिडी’ पद्धतीत प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक नंबर असतो. मधल्या सप्तकातला सी म्हणजे ६०, त्याच्या शेजारची काळी पट्टी ६१. साठ आणि एकसष्टच्या मधल्या जागेला स्वतःचा नंबर नाही. तिथे जायचं तर ‘पिच बेंड’ नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते. आणि आपली मींड तर नेमकी त्या मधल्या जागेतूनच जाते! म्हणजे आपल्याकडे जो गाण्याचा प्राण, तो या पद्धतीत अपवाद म्हणून येतो. आपल्या संगीतासाठी वेगळा विचार करणारे इंजिनिअर लागतात, ते यासाठी.

गंधाराचा हिशोब

थोडं गणित करू. घाबरू नका, एम-थ्री इतकं अवघड नाही!

समजा सा २४० हर्ट्झचा आहे. जुळलेला पंचम साच्या दीडपट असतो, म्हणजे ३६०. शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे बरोबर ३००. ही नैसर्गिक गुणोत्तरं झाली. तंबोरा नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच.

पेटीवर किंवा कीबोर्डवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. बारा पायऱ्यांनंतर कंपनसंख्या दुप्पट व्हायला हवी, म्हणून प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट. कॅल्क्युलेटर घ्या आणि करून बघा. पंचम येतो ३५९.६. चालेल, फरक कुणाला कळणारही नाही. पण गंधार येतो ३०२.४! खरा ३०० आणि पेटीचा ३०२.४ एकदम वाजवले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. आपण लॅबमध्ये ज्याला ‘बीट्स’ म्हणतो तेच. अभ्यासात हा फरक ‘सेंट’मध्ये मोजतात. एका सप्तकाचे १२०० सेंट. त्या मापाने पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा.

जुने जाणकार पेटीला नाकं मुरडायचे, त्याचं एक कारण या १४ सेंटमध्ये आहे.

सांगलीचे देवल

हे मोजमाप कॉम्प्युटरवाल्यांनी सुरू केलं असं वाटत असेल तर थांबा. केमहून कुर्डुवाडीला जा आणि तिथून पंढरपूरमार्गे मिरजेची गाडी पकडा. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी बनवणारं गाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. याच सांगली-मिरज भागात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर हेच काम करत होते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गाणार, आणि देवल तारेची लांबी मोजून त्यांच्या सुराची कंपनसंख्या काढणार! ना मायक्रोफोन, ना लॅपटॉप. हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि २२ श्रुती यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात छापलं गेलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्यानेही त्यांच्याबरोबर या विषयात लक्ष घातलं. श्रुती वाजवता येतील अशी खास हार्मोनियम लंडनच्या कंपनीकडून बनवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या श्रुतींच्या गणितावर जोरदार वाद झाला.

त्या परिषदेमागे होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. पेशाने वकील. त्यांची वाट वेगळी होती. त्यांनी देशभर फिरून गायकांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, राग दहा थाटांत लावले. आपल्या भाषेत सांगायचं तर देवल म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग आणि भातखंडे म्हणजे डेटाबेस! आजच्या अभ्यासाला दोन्ही लागतं.

पुढे मुंबईत एनसीपीए या संस्थेने ॲमस्टरडॅम विद्यापीठाबरोबर ‘ऑट्रिम’ नावाचा प्रकल्प केला. त्यात सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी गायनाच्या सुराचा आलेख पडद्यावर सरकत दिसेल अशी मांडणी केली. गाणं चालू असताना मींड कुठून निघाली आणि कुठे टेकली हे डोळ्यांना दिसतं.

कॉम्प्युटर सूर कसा ओळखतो?

आता आपल्या सिलॅबसवर येऊ. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यायला हवेत. म्हणून सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. म्हणजे गाणं ही कॉम्प्युटरच्या दृष्टीने आकड्यांची एक लांबलचक रांग.

या रांगेतून सूर काढायचा एक सोपा उपाय म्हणजे ऑटोकोरिलेशन. त्याच रांगेची एक कॉपी घ्यायची आणि एकेक नमुना सरकवत मूळ रांगेशी ताडून बघायची. सूर २४० हर्ट्झचा असेल तर सुमारे १८४ नमुने सरकल्यावर लाट पुन्हा लाटेवर बसते. ४४,१०० भागिले १८४, उत्तर मिळालं! पण ३६८ नमुने सरकवलं तरी लाट बसतेच की. तिथे फसला तर कॉम्प्युटर सांगतो १२० हर्ट्झ, म्हणजे बाई गाताहेत मध्य सप्तकात आणि आलेख पडतो मंद्रात. या चुका कशा टाळायच्या यावर लोकांनी पीएचड्या केल्या आहेत.

मी हे सगळं आबांना समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पर मशीनला सा कळतो व्हय?”

वाचकहो, हा प्रश्न साधा नाही! कारण सा ही कंपनसंख्या नाहीच. २४० हर्ट्झचा सूर एका गाण्यात सा असेल. दुसऱ्या गाण्यात सा १६० चा असला तर तोच २४० तिथे पंचम होतो. मग मशीनने ओळखायचं कसं? एक उपाय असा: सबंध गाण्यात कोणता सूर किती वेळ लागला याचा हिस्टोग्राम काढायचा. तंबोरा सतत चालू असल्यामुळे त्याचे सूर सगळ्यात उंच दिसतात आणि त्यांच्या आपसातल्या अंतरावरून सा शोधता येतो. कॉन्व्हेंटच्या क्वायरमध्ये हा प्रश्न असा पडत नव्हता, कारण तिथे वही उघडल्यावर सूर लिहिलेलाच असायचा.

बरं, सा सापडला तरी राग सापडत नाही. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सूर तेच, सा रे ग प ध. पण भूपात गंधाराचं राज्य, देशकारात धैवताचं. चाल वेगळी, थांबायच्या जागा वेगळ्या. नुसते सूर मोजणारा प्रोग्रॅम इथे अडखळतो. कोणत्या सुरावर किती वेळ थांबले, कुठून कुठे गेले, हे त्याला शिकवावं लागतं. आणि ते शिकवणाऱ्या इंजिनिअरला आधी स्वतःला ऐकू यावं लागतं.

टाळांचा प्रश्न

गेल्या कार्तिकी एकादशीला मंडळाची परवानगी घेऊन मी देवळातलं भजन मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ‘प्रात’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. बुवा एकटे गात होते तोवर सुराची रेघ सुंदर आली. सगळ्यांनी टाळ घेऊन चाल धरली आणि रेघेच्या चिंधड्या झाल्या!

कारण उघड आहे. तारेच्या किंवा गळ्याच्या आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे नीट रांगेतले सूर असतात. टाळ हा धातूचा जाड तुकडा. त्याचे वरचे सूर अशा रांगेत बसत नाहीत. शिवाय दहा-वीस टाळ आणि तितकेच गळे, प्रत्येकाचा सूर किंचित इकडेतिकडे.

पखवाजाची गोष्ट आणखी मजेदार आहे. साध्या गोल चामड्यावर थाप मारली तर दुसरा सूर पहिल्याच्या १.५९ पट येतो, म्हणून त्याचा आवाज नुसता ‘ढब’ येतो. आपल्या कारागिरांनी मधोमध शाई चढवली आणि ते सूर जवळजवळ दुप्पट, तिप्पट अशा रांगेत आणले. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं. म्हणून तर पखवाज सुराला मिळवता येतो. सुराचा ताल देणारं वाद्य आहे ते!

मला वाटतं, खरं संशोधन इथे आहे. टाळ हा सूर शोधताना अडथळा, पण लय शोधताना तोच सगळ्यात स्वच्छ खूण. प्रत्येक ठोका आलेखावर सुईसारखा उभा दिसतो. आधी टाळांवरून लय पकडायची, मग तेवढे ठोके वगळून मधल्या जागेत सूर शोधायचा, असं काही जमेल का? मी सध्या यावर डोकं लावते आहे.

बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात झेवियर सेरा यांनी ‘कॉम्पम्युझिक’ हा मोठा प्रकल्प चालवला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा अशा पाच परंपरांचा त्यात अभ्यास झाला. आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास त्यात सहभागी होत्या. संकल्प गुलाटी, अजय श्रीनिवासमूर्ती, गोपाल कृष्ण कोदुरी या आपल्याकडच्या मुलांनी २०१६ साली तिथे याच विषयात पीएचडी पूर्ण केली. पण त्या पाचांत आपलं वारकरी भजन नाही. ते काम दुसऱ्या कुणी येऊन करावं अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि वेळही फार नाही. मशीनला पखवाजाचे बोल शिकवायचे तर हजारो थापांवर खुणा कराव्या लागतात: हा ‘धा’, हा ‘ता’, हा ‘गे’. त्यासाठी जाणकार माणूस शेजारी बसावा लागतो. आमच्या मंडळात आज पखवाज वाजवणारे दोघेच उरलेत आणि दोघांचीही सत्तरी उलटली आहे. मास्टर्स झाल्यावर बघू, असं मला म्हणता येत नाही ते यामुळे.

शिकायचं कुठे?

आता कामाची माहिती.

भारतात आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागात प्रा. प्रीती राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गायनातून सुराची रेघ काढणं, रागाची ओळख, तबल्याचे बोल ओळखणं यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. रस्ता आपल्या ओळखीचाच आहे: गेट द्या, एमटेकला सिग्नल प्रोसेसिंगकडे जा आणि प्रबंधासाठी संगीताचा विषय घ्या. पदवीवर ‘संगीत’ हा शब्द नसेल, पण काम संगीताचंच. गेटमधून गेलं तर स्टायपेंडही मिळतो.

परदेशात बार्सिलोनाच्या त्याच विद्यापीठात ‘साउंड अँड म्युझिक कॉम्प्युटिंग’ हा एक वर्षाचा मास्टर्स आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये म्युझिक टेक्नॉलॉजीची एमएस आहे. स्टॅनफर्डमध्ये १९७५ साली स्थापन झालेलं संगीत आणि कॉम्प्युटरचं केंद्र आहे, त्याच्या नावाचं लघुरूप लोक चक्क ‘कर्मा’ असं उच्चारतात! ते सुरू करणारे जॉन चाउनिंग मुळात संगीतकार. प्रोग्रॅमिंग नंतर शिकले आणि १९६७ साली त्यांना एफएम सिंथेसिसची पद्धत सापडली. हो, आपल्या कम्युनिकेशनच्या पेपरातलं एफएमच, फक्त ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर. पुढे १९८३ साली यामाहाने त्यावर डीएक्स-सेव्हन हा कीबोर्ड काढला आणि तो जगभर गाजला.

ज्यांना संशोधनापेक्षा ध्वनिमुद्रणात रस आहे त्यांच्यासाठी पुण्याची एफटीआयआय आहे. तिथे साउंडचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पण तो सिनेमाच्या ध्वनीचा. हा घोळ अनेक जण करतात, म्हणून सांगितलं.

तयारीसाठी डीएसपी, लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि पायथन एवढं पक्कं हवं. बाहेरची विद्यापीठं मार्कांबरोबर तुम्ही स्वतः काय बनवलंय हेही बघतात. आणि कोणतंही एक संगीत मनापासून शिकलेलं हवं. मग ते शास्त्रीय असो, चर्चमधलं असो, नाहीतर हलगी असो.

घरातला हिशोब

“गाणंच करायचं होतं तर इंजिनिअरिंगची चार वर्षं फी कशाला भरली?” हे वाक्य मी ऐकलंय. त्यावर माझ्याकडे दोन नावं आहेत. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केली आहे. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर होत्या आणि त्यांनी संगीतात डॉक्टरेट मिळवली. महाराष्ट्रात गाणं आणि सायन्स एका घरात नांदलेलं आहे.

पण आमच्या अण्णांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी दुकानाची वही उघडली आणि विचारलं, “शिकून झाल्यावर पगार कोण देणार?” प्रश्न रास्त आहे. नुसत्या संगीतावर काम देणाऱ्या कंपन्या भारतात मोजक्याच. पण हेच गणित आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला लागतं, श्रवणयंत्राला लागतं, फोनमधला गोंगाट कमी करायला लागतं. खर्चाचं म्हणाल तर जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

शेवटी घरात असं ठरलं: कॅम्पसला बसायचं, गेटही द्यायची. एमटेक मिळालं तर नोकरी सोडायची. परदेश फक्त शिष्यवृत्ती मिळाली तरच. घर गहाण टाकून नाही. मला हे मान्य आहे. सह्या नाही झाल्या, पण वहीत लिहून ठेवलंय!

तुम्हीही करून बघा

सुट्टीत गावी जाल तेव्हा तिथलं भजन, भारूड, गोंधळ, जे असेल ते रेकॉर्ड करा. आधी परवानगी घ्या. मोबाईल गाणाऱ्याच्या जवळ आणि टाळांपासून लांब ठेवा. सुरुवातीला पेटीवर सा वाजवून घ्या आणि गाव, तारीख, पट्टी, वाद्यं हे लगेच लिहून ठेवा. मग ‘प्रात’ किंवा ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’मध्ये ते उघडा. दोन्ही फुकट आहेत. एक तास द्या. डीएसपीच्या पुस्तकातल्या आकृत्या एकदम ओळखीच्या वाटायला लागतील.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी ‘भजनातील लय आणि पखवाजाचे बोल ओळखणे’ हा विषय घेते आहे. दोन पार्टनर हवेत. एकाला पायथन यायला हवं, दुसऱ्याला ताल कळायला हवा. राहायची सोय केमला आमच्या घरी, रेकॉर्डिंगला आबा तयार आहेत. इच्छुकांनी ई अँड टीसीच्या थर्ड इयरच्या वर्गात येऊन भेटावं. सबमिशनच्या आठवड्यात मात्र येऊ नका!